एकदाच बसायची खुर्ची

अप्पा कुठंही गेले की आधी खुर्ची उलटी करून बघायचे. लग्न असो, तहसील कचेरी असो नाहीतर दवाखाना असो. यजमान "बसा, बसा अप्पा" म्हणत उभा, आणि हे आपले चष्मा कपाळावर सारून खुर्चीच्या पोटाखाली डोकावतायत. एकदा अहमदपुरात एका लग्नात त्यांनी नवरा-नवरीची ती लाल मखमलीची, सोनेरी रंगाची सिंहासनंसुद्धा उलटी केली. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला गेला होता म्हणून निभावलं. "खिळे! नुस्ते खिळे ठोकलेत. आन् वरून मखमल," एवढं बोलून त्यांनी ती होती तशी सुलटी ठेवली आणि स्वतः पंगतीत जमिनीवर मांडी घालून बसले. नवरीच्या मामाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

नाव मन्मथप्पा, पण गाव त्यांना अप्पाच म्हणायचं. लिंगायत वाणी, बाजारात वडिलांपासूनचं कापडाचं दुकान. दुकान आता मुलगा बसवराज बघायचा. अप्पा सकाळी गल्ल्याला हात जोडायचे, उदबत्ती फिरवायचे आणि मागच्या दाराने पत्र्याच्या शेडमध्ये गडप व्हायचे. तिथं त्यांचे रंधे, पटाश्या, करवती होत्या. सुतारकाम हा त्यांचा धंदा नव्हे, नाद होता. आता आमच्याकडं नाद म्हटलं की लोकांचं डोकं थेट दारू-पत्त्यांकडं जातं. त्यामुळे "अप्पाला लई वाईट नाद हाय" असं कुणी म्हटलं की नवखा माणूस हळहळायचा.

मी तेव्हा नांदेड-लातूर गाडीवर कंडक्टर होते. नवरा गेल्यावर नोकरीला लागले, मूलबाळ नाही, घरी वाट बघणारं कुणी नाही. दिवसभर "पुढं सरका, पुढं सरका" ओरडून ओरडून माझा आवाज असा झाला होता की शेजारच्या बायका मला नळ आल्याचं सांगायलासुद्धा घाबरायच्या. लोह्याच्या स्टँडवर एक पांढऱ्या धोतरातला म्हातारा, कपाळभर विभूती, खांद्यावर जुन्या चौकटीचा एक दांडगा खांब घेऊन गाडीत शिरायला लागला. मी दारातच आडवी झाले. म्हटलं, "ही एसटी आहे, टेम्पो नाही. टपावर टाका ते."

"टपावर नगं बाई," म्हातारा म्हणाला. "आजवर घरात राहिलंय ते, ऊन सोसायचं न्हाई त्याला. पाहिजे तर माझी जागा त्याला द्या, मी हुबा राहतो."

आणि खरंच उभा राहिला की हो! खांब सीटवर आडवा, आणि हा दांडीला धरून उभा. मी जाता-येता टोमणे मारत होते. शिरूर मागं गेलं तसा त्याने खिशातून चाकू काढून खांबाच्या टोकाची काळी पापडी खरवडली आणि मला म्हणाला, "कंडक्टरबाई, वास घ्या." मला हसूच आलं. तरी वाकले. डिझेल, घाम, कुणाच्या तरी पिशवीतली मेथी, ह्या सगळ्यातून तो सागाचा वास नाकात शिरला. पडलेल्या घरातलं लाकूड, कुणाच्या तरी पणजोबानं बसवलेलं, आणि आतून असं ताजं! उतरताना अप्पा म्हणाले, "आइतवारी या. बाजारातल्या आमच्या कापडदुकानाच्या मागं."

का गेले ते मलाही सांगता यायचं नाही. गेले एवढं खरं.

शेडमध्ये गेल्यावर वाटलं होतं हातात करवत देतील. कुठलं काय! पहिले कित्येक रविवार मी नुसती दगडावर पटाशी घासत बसले. अप्पांची सगळी हत्यारं भंगारातली. मशिनी आल्या तशी सुतारांच्या पोरांनी बापांचे रंधे किलोवर विकले, आणि अप्पा भंगारवाल्यांच्या दारात जाऊन ते उचलून आणायचे, गंज काढायचे, मुठी बसवायचे. धार लागली का हे बघायला ते मनगटावरचा केस कापून दाखवायचे. माझी धार काही केस कापायची नाही. मी वैतागून जोर लावला की म्हणायचे, "जोर लावून न्हाई राहिलो आपण बाई, धार लावून राहिलो. धार असली की जोर लागतच न्हाई. जोर लागला की समजायचं, मागं कुठंतरी आळस केलाय."

मग एका रविवारी त्यांनी रंधा माझ्या हातात दिला. पहिल्यांदा तो अडकला, दुसऱ्यांदा उडाला, आणि तिसऱ्यांदा जो सर्र्र करून गेला! रंध्याच्या तोंडातून लांबलचक छिलका निघाला, कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ. उन्हाला धरला तर आरपार दिसत होतं. मी तो छिलका पदराला पुसून पर्समध्ये, तिकिटांच्या शेजारी ठेवला. नवरा गेल्यावर इतक्या वर्षांत मला स्वतःसाठी म्हणून आनंद झाला असेल तर तो त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी गाडीत कुणावर ओरडले नाही म्हणून ड्रायव्हरनं विचारलं, "बाई, बरं नाही का?"

मी एकदा म्हटलं, "अप्पा, मशीन घ्या की. बसवराज घेऊन देईल." तर म्हणाले, "मशीन लई वरडतंय बाई, तुमच्यावानी. लाकूड काय म्हणतंय ते ऐकूच येत न्हाई."

एकदा मी खुर्चीच्या पाठीसाठी एक बाभळीची पट्टी वाकवायला घेतली. ओली करून, शेकून, गुडघा देऊन रेटत होते. ती ऐकेना. मी ऐकणाऱ्यातली थोडीच! रेटली, आणि ती कट्कन मोडली. अप्पांनी दोन्ही तुकडे उचलून जोडून बघितले, एखाद्याचा हात मोडल्यावर बघावं तसे. मग म्हणाले, "वाकत न्हाई म्हणल्यावर जोर करू नये. जोड बदलावा." त्या दिवशी मला त्यांनी चहाही विचारला नाही.

असे दिवस चांगले चालले होते. मग गिरिजाम्मा गेल्या.

गिरिजाम्मा म्हणजे अप्पांची बायको. मला जेवल्याशिवाय शेडमधून जाऊ न देणारी बाई. लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. जीव गेला की अंग गार व्हायच्या आत मांडी घालून भिंतीला टेकवून बसवतात, बसवूनच मिरवत नेतात आणि बसवूनच मातीत ठेवतात. त्या दिवशी घाईत कुणीतरी मांडववाल्याची प्लास्टिकची खुर्ची आणली, खाली बांबू घालून सुतळीनं आवळली आणि तिच्यात अम्मांना बसवलं. बाजाराच्या चौकात खुर्चीचा एक पाय दुमडला. अम्मा एका अंगाला कलल्या. पुढं सगळ्या वाटेनं एक पुतण्या त्यांना खांद्याला धरून चालला. भजन चालूच होतं. अप्पा मागं चालत होते, मी बायकांत होते. त्यांची नजर त्या दुमडलेल्या पायावरून हटत नव्हती.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या खुर्च्या उलट्या करून बघणारा माणूस! त्याच्या बायकोच्या नशिबी शेवटी हे आलं.

महिनाभर शेड बंद होती. मग एक दिवस त्यांनी तो लोह्याहून आणलेला सागाचा खांब बाहेर काढला. इतकी वर्षं त्याला हात लावला नव्हता. म्हणाले, "माझी खुर्ची करायची. माणूस शेवटचं बसतंय बाई. नीट बसाय नगं का त्यानं?"

घरात गजहब झाला. सून रडायला लागली, "असलं कुणी घरात करून ठेवतंय का? लेकरं हायत घरात." बसवराज बापापुढं कधी बोलायचा नाही, तोही म्हणाला, "अप्पा, लोक काय म्हणतील? आम्ही तुमच्या मरायची वाट बघून राहिलो म्हणतील." बरेच दिवस धुसफूस चालली. शेवटी सुनेनं एक अट घातली. करायची तर करा, पण ती खुर्ची घरात उभी दिसता कामा नये. म्हणून अप्पांनी ती उघडता येईल अशी करायचं ठरवलं. पाठ वेगळी, बैठक वेगळी, कलू नये म्हणून दोन्ही बाजूंना आधाराच्या फळ्या वेगळ्या, खालून उचलायचे दोन लांब दांडे वेगळे. खिळा नाही, सरस नाही. सगळं लाकडी खुंट्यांवर. काम झालं की उघडून माळ्यावर टाकायची. "बरंच हाय," अप्पा म्हणाले. "माझ्यासंगं पुरू नगा तिला. पुढच्याला लागंल."

माप मी घेतलं. शेडमध्ये चटईवर ते मांडी घालून, डोळे मिटून बसले आणि मी टेप लावायला गेले तर मान एकदम बाजूला टाकून दिली. "अप्पा!" मी अशी किंचाळले की दुकानातलं गिऱ्हाईक धावत आलं. अप्पांनी एक डोळा उघडला. "मेल्यावर मान कोण सावरतंय? टाकलेल्या मानेचं माप घ्या." मी त्यांना अशा शिव्या घातल्या की बस्स. माप घेतलं, आणि थोड्याच दिवसांत कळलं की अप्पांचे हात थरथरतायत. डॉक्टर कंपवात म्हणाले.

आधी त्यांना भोक सरळ पाडता येईना. मग रेघ सरळ येईना. सगळ्या आयुष्याचं काम हातात, आणि हातच बेइमान झालेले. ते रडले नाहीत, पण पटाशी दगडावर नुसती घासत बसायचे, धार असतानासुद्धा. मग म्हणाले, "बाई, हात तुमचे, डोळे माझे." पुढची खुर्ची मी केली. ते बाजूला स्टुलावर. माझी एक खुंटी सैल झाली तर ती त्यांनी भुग्यात फेकून दिली. म्हणाले, "प्रवासात माणूस हाललेलं मला चालायचं न्हाई."

खुर्ची झाली. चंदनासारखा रंग आला होता लाकडाला. मी म्हटलं, "एकदा बसून बघा." अप्पांनी मान हलवली. "हिच्यात एकदाच बसायचं." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "कंडक्टरबाई, तेवढं बघा. बसवराज हळवा हाय, त्याला सुधरायचं न्हाई. तुम्ही बसवा मला." मी म्हटलं, बसवते. अशा गोष्टी आपण पटकन म्हणून जातो.

पुढच्या उन्हाळ्यात अप्पा न्हाणीघरात पडले. बसवराजानं त्यांना हैदराबादला मोठ्या दवाखान्यात नेलं. जाताना गाडीत मला म्हणाले, "रंध्यांना तेल लावून ठेवा." मी लावत होते. आठवड्यानं संध्याकाळी बसवराजाचा फोन आला. "अप्पा गेले बाई," एवढंच म्हणाला. मी माळ्यावरून खुर्ची उतरवली आणि सकाळी त्यांच्या अंगणात एकेक खुंटी बसवून उभी केली. सुनेनं स्वतः तिला विभूतीची बोटं ओढली, झेंडूच्या माळा बांधल्या. लोक येऊन बघत होते. अंगणात खुर्ची इतकी देखणी दिसत होती की मला क्षणभर अभिमान वाटला, आणि लगेच लाजही वाटली.

दुपारी गाडी आली. मागचं दार उघडलं. अप्पा आडवे होते. पाय सरळ, हात सरळ, रात्रभर बर्फात ठेवलेलं अंग लाकडासारखं ताठ.

दवाखान्यानं सगळ्यांना ठेवतात तसंच ठेवलं होतं, त्यांचा काय दोष? गावाकडं हे सांगावं लागत नाही. घरात माणूस गेला की शेजारचे म्हातारेच येऊन बसवतात. तिथं शेजार कुठला! बसवराज अंगणात मटकन खाली बसला. "मला ठाव होतं," तो म्हणाला. "डॉक्टरला म्हणणार होतो, की आमच्यात बसवतेत. तोंडापर्यंत आलं होतं. पण तिथं ते सगळे इंग्रजी बोलून राहिले... मला लाज वाटली बाई." एवढा चाळिशीचा बाप्या लहान लेकरासारखा हुंदके देत होता.

अप्पांचे उदगीरचे मेहुणे, गुरुनाथमामा, पुढं आले. "गरम पाणी आणा. शेकलं, दाबलं की वाकतंय. मी बसवलेत असले." पाणी आलं. फडकी आली. दोघांनी खांदे धरले आणि मामांनी गुडघ्यावर भार दिला. गुडघा हलला नाही. त्यांनी आणखी भार दिला. आतून काहीतरी करकरलं.

"हात काढा!"

हा आवाज माझा होता. भरलेली गाडी ज्यानं गप्प व्हायची, तो. सगळं अंगण गप्प झालं. मामा म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्यातल्या न्हाईत. आमच्यात बसवावंच लागतंय." बसवते म्हणून शब्द मी दिला होता, ह्या लोकांनी नव्हे. त्या ताठ गुडघ्याकडं बघितलं आणि ती मोडलेली बाभळीची पट्टी डोळ्यांपुढं आली. मी एवढंच म्हटलं, "अप्पा म्हणायचे, वाकत न्हाई म्हणल्यावर जोर करू नये."

मग मी खुर्चीपाशी गेले, माळा सोडल्या आणि तिला उलटी केली. "अगं अगं, अपशकुन!" म्हणून एक बाई ओरडली. खुंट्या खालून होत्या. मी लाकडी हातोडी मागितली. सुनेनंच आणून दिली. एकेक ठोका, एकेक खुंटी. एकही अडली नाही. पाठ निघाली, बैठक निघाली, बाजूच्या फळ्या निघाल्या. दोन्ही दांडे जमिनीवर समांतर ठेवले, त्यांवर आधी पाठ, तिच्यापुढं बैठक, तिच्यापुढं बाजूची फळी, आणि अम्मांच्या जुन्या लुगड्यानं सगळं आवळलं. विधी करायला आलेले म्हातारे स्वामी एवढा वेळ भिंतीला टेकून बसले होते. मी त्यांच्याकडं बघितलं. ते उठले, फळ्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "त्यांच्या हातचं हाय ना? मग निजवा. शिवाला बसलेलं काय, निजलेलं काय."

अप्पांना निजवलं. त्यांच्याच अंगाची मापं ती. डोक्यापासून पिंढरीपर्यंत अप्पा त्यांत बरोबर मावले. पावलं तेवढी बाहेर राहिली. चौकातून जाताना काही कललं नाही, काही करकरलं नाही.

पण मला कुणी त्याचं कौतुक सांगू नये. एकदाच बसायचं म्हणाला होता तो माणूस, आणि तेवढंही त्याला मिळालं नाही. मी बसवते म्हटलं होतं, आणि मी निजवलं.

माती देऊन परत आलो. अंगण धुतलेलं होतं. फळ्या परत आल्या होत्या, अप्पांनीच तसं सांगून ठेवलं होतं. लोक पांगल्यावर बसवराज एकटाच त्या जोडायला बसला. बापाच्या शेडमध्ये तो कधी पाऊल टाकायचा नाही. खुंटी उलटीकडून घालत होता. मी म्हटलं, "खालून. जाड तोंड खाली." त्याने खालून घातली. शेवटची खुंटी त्याने हातोडीनं नाही, तळव्यानंच दाबली. खुर्ची उभी राहिली.

मग बसवराजानं चपला काढल्या आणि वर चढून खुर्चीत मांडी घातली. सून स्वयंपाकघराच्या दारात तोंडावर हात घेऊन उभी होती. जित्या माणसानं त्यात बसू नये हे मलाही कळत होतं. तरी मी त्याला अडवलं नाही. त्याने पाठ टेकली, डोळे मिटले, आणि थोड्या वेळानं त्याची मान बाजूला गेली. अप्पांनी टाकलेल्या मानेचं माप घ्यायला लावलं होतं, ते तिथं लाकडात होतंच. मान तिथं बरोबर टेकली.

"कुठंच टोचत न्हाई हो बाई," तो म्हणाला. "कुठंच टोचत न्हाई."